जर्मनीत नवीन आलात? आधी टायर बघा, मग गाडी

घर, आनमेल्डुंग (म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी), बँक, आरोग्य विमा यांबद्दल नवीन माणसाला दहा जण सांगतात. टायरबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मग ऑक्टोबर संपत आला की हिवाळी टायरसाठी सगळ्यांचे फोन एकदम सुरू होतात. तोवर वर्कशॉपच्या वेळा भरलेल्या असतात. म्हणून हे एकदाच सविस्तर लिहितोय.

सुरुवात सायकलपासून, कारण बहुतेकांची इथली पहिली गाडी सायकलच असते, आणि तीही जुनी, कोणाकडून तरी घेतलेली. जाहिरातीत '२८ इंची' असं लिहिलेलं असतं. टायर किंवा ट्यूब घेताना या इंचांवर अजिबात जाऊ नका. टायरच्या कडेला ३७-६२२ अशासारखा आकडा उमटवलेला असतो, तो बघा. ३७ ही रुंदी आणि ६२२ हा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा तंतोतंत जुळायलाच हवा. पहिला थोडा कमीजास्त चालतो, टायर मडगार्डला आणि फ्रेमला घासला नाही म्हणजे झालं. रेसिंग सायकलचा ७००सी, साध्या सायकलचा २८ इंच आणि माउंटन बाइकचा २९ इंच, या तिन्हींचा दुसरा आकडा बहुधा ६२२च असतो. उलट '२६ इंच' म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरांत ५५९ही सापडतो आणि ५९०ही, आणि एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर काही केल्या बसत नाही.

पुढचा घोळ व्हॉल्व्हचा. इथे तीन प्रकार भेटतात, आणि ट्यूबच्या खोक्यावर त्यांची अक्षरं छापलेली असतात. एव्ही म्हणजे मोटारीच्या टायरला असतो तसा जाड व्हॉल्व्ह. एसव्ही म्हणजे बारीक आणि लांबट. त्याच्या टोकाचा इवलासा नट सैल केल्याशिवाय आत हवाच जात नाही, आणि लोक उगाच पंपाला दोष देत बसतात. डीव्ही हा जुना डनलॉप प्रकार, शहरी सायकलींवर अजून सर्रास दिसतो. एव्ही आणि डीव्हीसाठी रिमला साडेआठ मिलिमीटरचं भोक असतं, एसव्हीसाठी साडेसहाचं. त्यामुळे बारीक भोकाच्या रिमला एव्हीची ट्यूब बसणार नाही. पेट्रोल पंपावरची हवेची नळी फक्त एव्हीला लागते. बाकी दोघांसाठी पितळी अडॅप्टर मिळतो, अगदी किरकोळ किमतीत. तो किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून ठेवा.

पंक्चर काढायला शिकून घ्या. इथे रस्त्याच्या कडेला कोणी बसलेलं नसतं. वर्कशॉपमध्ये वेळ घ्यावी लागते आणि मजुरी ट्यूबच्या किमतीपेक्षा बरीच जास्त पडते. मागच्या चाकाच्या हबमध्ये गिअर असेल आणि चेनवर बंद झाकण असेल, तर चाक काढण्याच्या भानगडीत पडू नका. सायकल उलटी करा, टायरची एक बाजू प्लास्टिकच्या पट्ट्यांनी रिमबाहेर काढा आणि ट्यूब जागेवरच हवी तेवढी ओढून घ्या. छिद्र सापडलं की ते टायरच्या नेमक्या कोणत्या जागी येतं ते पाहून ठेवा. मग टायरच्या आतून बोट फिरवा, पण सावकाश, कारण शोधायची आहे ती काचच. नववर्षाच्या रात्रीनंतर सायकलच्या रस्त्यांवर बाटल्यांचा चुरा पडलेला असतो, आणि हिवाळ्यात घसरू नये म्हणून टाकलेली अणकुचीदार खडी मार्चपर्यंत तिथेच असते. काचेचा कण टायरमध्ये राहिला, तर नवी ट्यूबही दुसऱ्या दिवशी बसलेली सापडते.

टायर परत चढवताना व्हॉल्व्हच्या बरोबर समोरून सुरुवात करायची आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करायचा. रिमच्या मधोमध खोलगट जागा असते. टायरची कड तिथे सरकवत आणली की शेवटच्या वीतभरासाठी ढिलाई मिळते आणि तो भाग अंगठ्यांनी आत जातो. लोक नेमके इथेच पट्ट्या वापरतात आणि नव्या ट्यूबला चिमटा बसतो. शेवटी व्हॉल्व्ह थोडा आत ढकलून सोडायचा, म्हणजे कडेखाली अडकलेली ट्यूब मोकळी होते. हवा भरल्यावर टायरवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. हवा किती भरायची तो पल्ला टायरवरच बार या दाबाच्या एककात दिलेला असतो. वजनदार माणसाने किंवा मागे मुलाची खुर्ची असणाऱ्याने वरच्या आकड्याकडे राहावं. नवीन टायर घेताना बाजूला चमकणारी पांढरी पट्टी असलेलाच घ्या. ती नसेल तर आऱ्यांवर रिफ्लेक्टर लावावे लागतात, कारण बाजूने दिसणारा रिफ्लेक्टर कायद्याने सक्तीचा आहे. सायकलला हिवाळी टायर मात्र सक्तीचे नाहीत. खिळे असलेले टायर सायकलला चालतात, मोटारीला इथे बंदी आहे.

आता मोटार. जर्मनीत हिवाळी टायर कधी लावायचे याची तारीख कायद्यात नाही. २०१० च्या डिसेंबरपासूनचा नियम असा की रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल किंवा गोठून निसरडं झालं असेल, तर योग्य टायरांशिवाय गाडी चालवायची नाही. समर टायर लावलेली गाडी घराखाली उभी राहिली तर कोणी काही म्हणत नाही. ती रस्त्यावर आणली की ६० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या नोंदवहीत, म्हणजे चालकांच्या गुन्ह्यांच्या केंद्रीय नोंदीत, एक पॉइंट. तुमच्यामुळे वाहतूक अडली तर ८० युरो. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईतही हात आखडता घेऊ शकते. ही जबाबदारी चालवणाऱ्याची आहे, गाडी मित्राची असो वा भाड्याची. जानेवारीत भाड्याची गाडी ताब्यात घेताना टायर स्वतः वाकून बघा.

बघायचं ते चिन्ह म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. पूर्वी नुसतं एम अधिक एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं चालायचं. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते चालत नाही. जुनी गाडी विकणारा 'हिवाळी टायर आहेत' म्हणाला तरी हे चिन्ह स्वतः तपासा. जाहिरातीत '८-फाख बेराइफ्ट' दिसलं तर गाडीसोबत दोन्ही ऋतूंचे मिळून आठ टायर मिळतात. ही सवलत ऐकायला छान वाटते, पण त्यातले चार बरेचदा म्हातारे असतात. टायरच्या कडेला डीओटी या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा. ३५१४ म्हणजे २०१४ सालचा पस्तिसावा आठवडा. असा टायर दिसायला कितीही नवा असला तरी त्याचं रबर कडक झालेलं असतं. हिवाळी टायरची सगळी मदार थंडीतही मऊ राहणाऱ्या रबरावर असते, त्यामुळे मी तर असे फुकटातही घेत नाही.

खाचांची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी. पण एडीएसी ही मोटारचालकांची संघटना हिवाळी टायरसाठी ४ मिलिमीटरचा सल्ला देते, आणि तो ऐकावा. एक युरोचं नाणं खाचेत उभं धरा. त्याची सोनेरी कड साधारण ३ मिलिमीटर आहे. ती दिसत राहिली तर पुढच्या हिवाळ्याआधी नवे टायर घ्यायचे. स्कीइंगला ऑस्ट्रियात जाणार असाल तर तिथे हिवाळी टायरसाठी ४ मिलिमीटर हा सल्ला नसून नियम आहे.

कोणतं माप घ्यायचं हे दुकानदाराला विचारण्याआधी फारत्सॉइगशाइन, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, काढा. त्यात १५.१ आणि १५.२ या रकान्यांत पुढच्या आणि मागच्या टायरचं माप असतं. उदाहरणार्थ २०५/५५ आर १६ ९१ व्ही. रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ५५ टक्के, रिम १६ इंची. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो भार आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरची मर्यादा. भाराचा आकडा कमी चालत नाही. हिवाळी टायरचं वेगाचं अक्षर खालचं चालतं, पण मग ती मर्यादा लिहिलेला स्टिकर चालकाला दिसेल असा लावावा लागतो.

ऑल सीझन घ्यावेत का, हे प्रत्येक जण विचारतो. सपाट शहरात राहत असाल, गाडी आठवड्याच्या खरेदीपुरती असेल आणि निसरडं असताना ट्राम पकडायची तयारी असेल, तर डोंगराचं चिन्ह असलेले ऑल सीझन घ्या आणि मोकळे व्हा. आल्प्सच्या पायथ्याशी किंवा ब्लॅक फॉरेस्टमध्ये राहणाऱ्यांनी, तसंच रोज पहाटे ऑटोबानवरून कामाला जाणाऱ्यांनी, दोन वेगळे सेटच ठेवावेत.

दोन सेट ठेवायचे तर दुसरा सेट रिमसकट घ्या. सुरुवातीला महाग पडतो, पण मग वर्षातून दोनदा फक्त चाकं बदलायची असतात. वर्कशॉपमध्ये वेळ घेताना 'रेडरवेक्सल' निवडायचं. 'राइफनवेक्सल' म्हणजे रिमवरून टायर उतरवून दुसरा चढवणं, त्यात बॅलन्सिंग आलं आणि खर्चही वाढला. २०१४ च्या नोव्हेंबरपासून नोंदलेल्या नव्या गाड्यांना हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असते. ती चाकातल्या सेन्सरवर चालणारी असेल तर दुसऱ्या सेटलाही सेन्सर हवेत. वेळ सप्टेंबरमध्येच घ्या. काढलेल्या चाकांवर खडूने पुढचं डावं, मागचं उजवं असं लिहून ठेवा. तळघरात जागा नसेल तर वर्कशॉप भाडं घेऊन चाकं सांभाळतं, त्याला आइनलागेरुंग म्हणतात.

घरी बदलणार असाल तर बोल्ट टॉर्क पान्याने आवळा, किती ते गाडीच्या पुस्तकात असतं, आणि पन्नासेक किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा तपासा. टायरवर बाण असेल तर तो पुढे फिरण्याच्या दिशेने हवा. जास्त नक्षी शिल्लक असलेली जोडी मागे लावायची. पुढे लावण्याचा मोह होतो, पण ओल्या रस्त्यावर गाडीची शेपटी सुटली तर सावरणं फार कठीण असतं. हवा टायर थंड असताना बघा, दाबाचा तक्ता दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो.

डिकीत स्टेपनी असेलच असं धरून चालू नका. बऱ्याच गाड्यांत तिच्याऐवजी फेस भरायची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर असतो. बाटलीवर मुदत छापलेली असते, गाडी घेताना ती बघून घ्या. टायर बाजूने फाटला असेल तर तिचा काही उपयोग नाही. ऑटोबानवर असं झालं तर गाडीत असायलाच हवं ते चमकतं जाकीट अंगात घाला, रेलिंगपलीकडे जाऊन उभे राहा आणि तिथूनच मदतीला फोन करा. जुने टायर घरच्या कचऱ्यात टाकता येत नाहीत. नवे बसवणारा थोडे पैसे घेऊन ते ठेवून घेतो. नाहीतर गावच्या वेर्टश्टॉफहोफवर, म्हणजे पुनर्वापराचा कचरा घेणाऱ्या केंद्रावर, नेऊन द्यावे लागतात, तिथेही बहुधा दर टायरमागे पैसे मोजायची तयारी ठेवा.