जुना ऑटोफोकस फिल्म कॅमेरा स्वस्तात घेताना या चुका टाळा

तीन-चार हजारांत बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, मिळते, पण रोल, धुलाई आणि स्कॅनिंग धरून एकेका रोलला हजार-दीड हजार रुपये सहज जातात. त्यामुळे कॅमेऱ्याने दोन-तीन रोल वाया घालवले की स्वस्त मिळाल्याचा आनंद तिथेच संपतो. माझं तसंच झालं. पहिली बॉडी दिसायला कोरी करकरीत होती, शटरचा आवाजही खणखणीत. मावसबहिणीच्या लग्नाचा रोल धुवून आला, तेव्हा मांडवातले फ्लॅशचे फोटो ठीक होते. उन्हात काढलेल्या हळदीच्या प्रत्येक फोटोवर मात्र वरच्या बाजूला आडवी काळी पट्टी. आजीचा चेहरा कपाळापासून वर दिसतच नव्हता. ते फोटो परत काढता येणार नव्हते.

दोष शटरचा होता. शटरची पाती थांबतात तिथे धक्का झेलायला फोमची किंवा रबराची बारीक पट्टी असते. तीस-पस्तीस वर्षांनी ती डांबरासारखी चिकट होते आणि पात्यांना लागते. मंद वेगाला, जसा फ्लॅशला असतो, पाती कशीबशी उघडतात, उन्हात लागणाऱ्या 1/1000 सेकंदाला अडकतात. 1987 पासूनच्या कॅनन इओएस 650, 620 आणि 600 या बॉड्यांबाबत हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण जुनी बॉडी कुठलीही असो, हे बघायचंच. मागचं झाकण उघडा, पात्यांवर काळे चिकट डाग आहेत का ते टॉर्चने पाहा. बोट लावू नका, पाती कागदाहून पातळ असतात. मग लेन्स काढून कॅमेरा खिडकीकडे धरा आणि सगळ्यात जास्त वेगावर दहा-पंधरा वेळा शटर मारा. दर वेळी पूर्ण चौकोन उजळला पाहिजे. मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ घेतला तर अडकलेलं पातं स्पष्ट दिसतं. विकणारा लांबचा असेल तर हाच व्हिडिओ मागा. टाळाटाळ झाली तर सोडून द्या.

आता नावातला घोळ. आपल्याकडे घरोघरी असलेले याशिका एमएफ-2 सुपर किंवा कोडॅक केबी 10 ‘ऑटोमॅटिक’ म्हणून विकायला येतात आणि घेणारा ते ऑटोफोकस समजतो. ते फिक्स्ड फोकसचे आहेत, त्यांचं भिंग फोकससाठी हलतच नाही. उन्हातल्या फोटोंना चांगले आहेत, पण ऑटोफोकसची किंमत त्यांना देऊ नका. ‘फोकस फ्री’ असं लिहिलेलं असेल तर तो ऑटोफोकस नव्हे.

खरे ऑटोफोकस कॉम्पॅक्ट, म्हणजे लेन्स न निघणारे छोटे कॅमेरे, घ्यायचे तर ऑलिंपस म्यू टू, याशिका टी4, कॉन्टॅक्स टी2 ही नावं पुढे येतात आणि बजेट तिथेच कोलमडतं. कॅमेरे उत्तमच आहेत, पण आतलं सर्किट गेलं की सुटे भाग मिळत नाहीत आणि फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेचा झटका बसू शकतो म्हणून घरी उघडणंही धोक्याचं. माझं स्पष्ट मत असं की कमी पैशांत नव्वदच्या दशकातला किंवा 2000 च्या आसपासचा साधा प्लास्टिकचा एसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, घ्यावा. निकॉन एफ80, कॅनन इओएस 300, मिनोल्टाच्या डायनॅक्स मालिकेतली बॉडी. दिसायला रुबाब नाही म्हणून यांना भाव कमी आणि फोकस मात्र पटकन लागतो.

बॉडी ठरवण्याआधी लेन्सचा विचार करा, इथे फार जण फसतात. घरात कॅननचा डिजिटल एसएलआर आहे म्हणून त्याची 18-55 लेन्स चालेल असं वाटतं. ती ईएफ-एस, म्हणजे छोट्या सेन्सरच्या डिजिटलसाठीची, असते, फिल्म बॉडीवर बसतच नाही. ईएफ लेन्स मात्र सगळ्या इओएस एसएलआरवर चालतात. निकॉनची तशीच डिजिटलसाठीची डीएक्स लेन्स बसते, पण कोपरे काळे येतात, आणि एएफ-पी ही नवी लेन्स असेल तर फिल्म बॉडीवर फोकसच होत नाही. एफ-501 आणि एफ-801 या जुन्या बॉड्यांवर एएफ-एस, म्हणजे आत मोटर असलेल्या, लेन्सचाही ऑटोफोकस चालत नाही. निकॉनसाठी 50 एमएम एफ/1.8डी, म्हणजे बॉडीतल्या मोटरवर फोकस होणारी लेन्स, घेतली की हा सगळा गुंता सुटतो. आणि स्क्रीनवर ‘एफईई’ चमकायला लागलं तर कॅमेरा बिघडला असं समजू नका. लेन्सवरची अ‍ॅपर्चरची रिंग सगळ्यात मोठ्या आकड्यावर, म्हणजे बहुधा 22 वर, फिरवून लॉक करा.

बॅटरीच्या सेलमुळे तर रोज कोणीतरी फसतं. ‘सेल नाहीत म्हणून तपासला नाही’ हे वाक्य ऐकलं की मी बंद कॅमेऱ्याचाच भाव देतो. एफ80 ला दोन सीआर123ए लागतात, इओएस 300 ला दोन सीआर2, इओएस 650 ला 2सीआर5. हे नाक्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. एफ-801 आणि एफ90 ला साधे चार डबल-ए चालतात, रोजच्या वापराला ते बरे. पुण्यात बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात जायचं असेल तर नवे सेल, छोटा टॉर्च आणि एक वाया गेलेला रोल खिशात असू द्या. असा रोल कुठल्याही लॅबमध्ये मागितला तर मिळतो.

सेलच्या कप्प्यात हिरवा-पांढरा क्षार दिसला की लगेच नाकारू नका. वरवरचा असेल तर कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून पुसता येतो, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने कोरडं करायचं. पत्राच खाल्ला गेला असेल तर मात्र नको.

फिल्म नीट सरकते का ते पाहायला वाया गेलेला रोल भरताना त्याची जीभ, म्हणजे डबीबाहेरचं टोक, खुणेपर्यंतच ओढा, जास्त ओढली तर मोटर अडते. इओएस 300 सारखा कॅमेरा झाकण लावताच सगळी फिल्म आधी डबीतून बाहेर ओढून घेतो, मग दर फोटोला थोडी परत डबीत सारतो आणि आकडा 36 वरून उतरत जातो. तो बिघाड नव्हे. चुकून झाकण उघडलं तरी काढलेले फोटो डबीत सुरक्षित राहावेत म्हणून ती सोय आहे.

फोकस तपासताना कोऱ्या भिंतीवर नेम धरू नका. कॅमेऱ्याला रेघ, अक्षर, कडा लागते. 1985 चा मिनोल्टा 7000 किंवा इओएस 650 अशा जुन्या बॉड्यांत फोकसचा मधला एकच सेन्सर असतो आणि त्याला उभ्या रेघा कळतात, आडव्या नाहीत. लेन्स मागेपुढे फिरत राहिली तर कॅमेरा थोडा तिरका धरून पाहा. तरीही फोकस लागला नाही तर लेन्सचे सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या कपड्याने पुसा, लेन्स काढून पुन्हा बसवा, दुसरी लेन्स लावा. बॉडीवर शंका त्यानंतर घ्यायची.

मुंबई-कोकणातल्या लेन्समध्ये बुरशी हमखास निघते. मागून टॉर्च मारला की कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसतात. थोडीशी असेल तर फोटोत दिसत नाही, पण पावसाळ्यात ती वाढते, म्हणून भाव पाडून घ्या आणि घरी सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात ती लेन्स वेगळी ठेवा. याउलट मागच्या झाकणाचं रबर चिकट झालंय म्हणून एफ80 किंवा एफ90 सोडू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते साफ निघतं.

कॅमेरा घरी आला की पहिला रोल लगेच संपवा, तोही लग्नात नव्हे. गॅलरीतून, गल्लीत, एक फोटो भर उन्हात सगळ्यात जास्त वेगावर, एक घरात लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून, एक अगदी जवळच्या वर्तमानपत्राच्या मथळ्यावर. कुठल्या फ्रेमला काय केलं ते वहीत लिहा. विकणाऱ्याने परतीची मुदत दिली असेल तर ती संपायच्या आत रोल धुवून हातात हवा.