रेकॉर्डिंगमध्ये सूं आवाज, माउस हलवला की किरकिर: माझा अनुभव

डेस्कटॉपवर बासरी रेकॉर्ड करताना मागे सतत सूं आवाज यायचा. माउस हलवला की बारीक किरकिर. केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकला. सॉफ्टवेअरने नॉइज काढला तर फुंकेचा गोडवाही गेला. अक्षरशः वैताग आला.

मदरबोर्डवरचं साउंड कार्ड आतल्या सर्किटांचा गोंगाट उचलत होतं, म्हणून बाहेरून जोडायचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात पोचवणारी छोटी पेटी) घेतला. निवडताना एक्सएलआर इनपुट (माइकची तीन पिनांची जोडणी), ४८ व्होल्ट फँटम पॉवर (माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज; बहुतेक कंडेन्सर माइकना लागते) आणि एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजवर आवाजातला विलंब कमी ठेवणारा) बघा. १९२ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटच्या (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात त्याच्या) जाहिरातीला भुलू नका.

आधी ड्रायव्हर टाकला. मग इंटरफेस हबऐवजी थेट मागच्या पोर्टला. गेन (माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारी खुंटी) शून्यावर ठेवून माइक जोडला, त्यानंतरच ४८ व्होल्ट चालू. विंडोज आणि रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर, दोन्हीकडे २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. शेवटी तार सप्तकात जोरात वाजवत गेन इतकाच वाढवला, की मीटर उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ नये. किरकिर पूर्ण थांबली.