नवी मंडळी उभी करताना

नवी मंडळी, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचा समूह, उभी करायची तर आधी जागा शोधत बसू नका, घर शोधा. बायबलमधल्या फिलिप्पै शहरातले विश्वासणारे लुदिया नावाच्या स्त्रीच्या घरी जमायचे; मीही सेवेची सुरुवात कुटुंबातल्या प्रार्थनेपासूनच करतो. पहिले काही महिने कमी बोला, जास्त ऐका. कोण आजारी आहे, कुणाची नोकरी गेली, हे ठाऊक नसेल तर प्रार्थना वरवरची होते.

डोकी मोजू नका. मिशनरी विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालमध्ये पोहोचले आणि त्यांच्या सेवेतले पहिले बंगाली विश्वासणारे कृष्ण पाल यांचा बाप्तिस्मा झाला डिसेंबर १८०० मध्ये! उपासनेला दोन-तीनच जण आले की मी हे आठवतो. मदतीच्या बदल्यात विश्वास, असा सौदा मात्र कधीच करू नका.

अर्पण, म्हणजे उपासनेत जमलेलं दान, दोघांनी मिळून मोजावं, लगेच वहीत लिहावं.

सगळ्यात अवघड म्हणजे सूत्रं सोडणं. प्रेषित पौलाने मंडळ्यांमध्ये वडील, म्हणजे देखरेख करणारे पुढारी, नेमले आणि तो पुढे गेला. आमच्यातली एक अबोल बहीण, वाचताना अडखळणारी, एका रविवारी स्वतःहून उठून बायबलमधल्या स्तोत्र २३ वर बोलली. माझे डोळे भरून आले. अशांना लवकर जबाबदारी द्या.

आठवड्यातला एक दिवस घरच्यांसाठी ठेवा. त्या दिवशी मंडळीचे फोन दुसऱ्या कुणीतरी घ्यावेत.