श्रावणात माळ बघायला जाऊ नका

आम्ही गेलो होतो. जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला तीस गुंठे, गुडघाभर गवत, मधनं झुळझुळ पाणी. एजंट म्हणाला, "वहिनी, इथं ऊस बी येतोय." मालकांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, तिथंच इसार दिला. माघात परत गेलो तर पिवळी खुंटं आणि पायाखाली खडी. तिथनं पुढं ती जमीन आम्हाला शिकवत गेली. जे शिकले ते इथं लिहिते. तुमचं काम एका सकाळीत होईल.

माळाची जमीन बघायची ती होळीच्या सुमाराला. पाऊस चालू असतो तोवर वीतभर मातीसुद्धा हिरवीगार दिसते. आणि ते झुळझुळ पाणी? आम्हाला वाटलं झरा आहे. खाली मुरायला जागा नाही म्हणून पाणी वरनं वाहत होतं, एवढंच. दसऱ्यानंतर त्याचा पत्ता नव्हता.

निघण्याआधी सातबारा काढा आणि पोटखराबा वाचा. वर्ग अ मध्ये क्षेत्र दाखवलं असेल तर तेवढा तुकडा खडकाळ किंवा लागवडीला नालायक म्हणून सरकारदरबारी आधीच नोंदलेला असतो. आमच्या सातबाऱ्यावर सहा गुंठे होते. वाचलंच नव्हतं.

शिवारात गेलात की टिकाव आणि खोरं घेऊन तीन खड्डे काढा. एक वरच्या अंगाला, एक मधे, एक खालच्या बांधापाशी. एकाच खड्ड्यावर भुलू नका, कारण विकणारा नेमका खालच्या बांधाशी उकरून दाखवतो. उतारावरची बारीक माती दर पावसाळ्यात खाली सरकते, त्यामुळं एकाच तुकड्यात तीन जमिनी निघतात. आमच्यात वर चार बोटं माती, मधे एक वीत, खाली हातभर. वीत म्हणजे साधारण 22 सेंटीमीटर धरा. मातीचे जाणकार 25 सेंटीमीटरच्या आतल्या जमिनीला अतिउथळ म्हणतात, 50 पर्यंत उथळ.

मातीच्या खाली काय लागतं ते जास्त महत्त्वाचं. आमच्याकडं पायथ्याला काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. (वर पन्हाळ्याला, मसाई पठारावर जांभा भेटतो, ती गोष्ट वेगळी.) हा पाषाण कुजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि त्याचा मुरूम होतो. पहार मारून ऐका. खसकन रुतली तर मुरूम, टणकन उडाली तर कातळ. मग खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता आणि चहा प्यायला बसा. मुरूम असेल तर पाणी बघता बघता जिरतं. कातळावर संध्याकाळपर्यंत थारोळं राहतं. मुरमाच्या भेगांत आंब्याची मुळी शिरते, कातळात नाही.

आता एक बुट्टी माती वाळूच्या चाळणीनं चाळा. आमच्या मधल्या खड्ड्यातली जवळजवळ निम्मी चाळणीवरच राहिली. पाणी आणि खत धरून ठेवायचं काम करते ती खालची बारीक माती, म्हणून वीतभर खोली मोजली तरी कामाची माती अर्धी वीतच.

आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, यातलं काही करावं लागत नव्हतं. त्या गवत बघून सांगायच्या. मी हसायचे, आता हसत नाही. माळभर नुसती कुसळी असेल तर माती पातळ, आणि वर चराई नाहीतर वणवा फार झालेला. शेडा, डोंगरी ही गवतं दिसली तर माळ अजून जिवंत आहे. मारवेल असेल तिथं माती खोल आणि ओल टिकणारी. आमच्यात मारवेल फक्त खालच्या बांधाला होती. खड्डे काढल्यावर बघितलं तर हातभर माती तिथंच. आत्यांनी लुगड्याला लागलेली कुसळं काढत काढत हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं.

माती परीक्षणालाही द्या, पण नमुना झाडाखालचा, बांधावरचा किंवा शेणखताच्या ढिगाजवळचा नको. चार-पाच जागची माती मिसळून अर्धा किलो पुरते. वरच्या आणि खालच्या अंगाच्या पिशव्या वेगळ्या ठेवा, नाहीतर अहवाल कुठल्याच जमिनीचा राहत नाही.

घेतलीच असेल तर एक चूक करू नका, जी आम्ही केली. जेसीबी लावून वरचं अंग सगळं खोल फोडलं. होती ती चार बोटं माती खाली गेली, मुरूम वर आला, आणि दोन वर्षं तिथं गवतसुद्धा धड उगवलं नाही. धोंडे पण सगळे वेचून काढायचे नसतात. बारकी खडी मातीवर असली की पावसाचा मार तिच्यावर बसतो आणि ऊन्हात ओलही जरा टिकते. मोठे धोंडे तेवढे उचला आणि उताराला आडवे, एका पातळीत रचून बांध घाला. आमच्या दुसऱ्या बांधाच्या वरच्या बाजूला आता वीतभर गाळ साठलाय.

पिकाचं म्हणाल तर खालच्या हातभर मातीत नाचणी, मधे कुळीथ नाहीतर कारळा. मुरूम लागला तिथं मीटरभर खोल खड्डे घेऊन, गाळाची माती भरून सहा आंबे लावलेत, चार जगलेत. वरच्या अंगाला आम्ही नांगर घालतच नाही. तिथलं गवत कुसळ धरायच्या आत, फुलोऱ्यावर असतानाच कापायचं. उशीर झाला की म्हशी तोंड फिरवतात. यंदा एकशेवीस भारे निघाले. मालक अजून अधूनमधून उसाचं नाव काढतात, तेव्हा मी त्यांच्या हातात पहार देते.