अर्काने ठोके मंदावले? आधी पोटॅशियम मोजा

वनस्पतीचा अर्क वेगळ्या काढलेल्या हृदयावर सोडला, ठोके मंदावले, आणि लगेच ‘हृदयगती कमी करणारा गुण’ अशी नोंद झाली. ही घाई नडते.

सगळ्यात जास्त फसवतं ते पोटॅशियम. पानांत, सालींत ते असतंच आणि पाण्यातल्या अर्कात सहज उतरतं. हिशेब करून बघा. लँगेनडॉर्फ पद्धतीत, म्हणजे शरीराबाहेर काढलेलं हृदय द्रावणावर धडधडतं ठेवताना, हृदयातून वाहणाऱ्या क्रेब्ज-हेन्सेलाइट द्रावणात लिटरमागे साधारण 5.9 मिलिमोल पोटॅशियम असतं. अर्काच्या वजनात ते 5 टक्के धरलं, तर मिलिलिटरला 1 मिलिग्रॅम अर्क दिल्यावर सुमारे 1.3 मिलिमोलची भर पडते. डोस 10 मिलिग्रॅमवर नेलात की द्रावणातला एकूण आकडा 18 च्या पुढे. शस्त्रक्रियेत हृदय मुद्दाम थांबवायला वापरतात त्या सेंट थॉमस द्रावणात तो 16 असतो! म्हणून फ्लेम फोटोमीटरवर अर्कातलं पोटॅशियम मोजा आणि तेवढंच पोटॅशियम क्लोराइड घातलेला वेगळा कंट्रोल (तुलनेचा प्रयोग) ठेवा. त्यानेही ठोके तसेच मंदावले, तर श्रेय क्षाराचं. अर्काचा सामूही (pH) त्याच वेळी तपासून घ्या.

फ्रिजमधून काढलेला अर्क तसाच टोचला तर नुसत्या गारव्यानेही गती उतरते. तो 37 अंशांवर आणूनच द्या. अल्कोहोल किंवा डीएमएसओ वापरलं असेल तर त्याच प्रमाणात नुसत्या द्रावकाचा कंट्रोल हवाच. हे माहीत सगळ्यांना असतं, करायचं मात्र राहून जातं.

ईसीजीवर क्यूटी (खालचे कप्पे उत्तेजित होऊन पूर्ववत होईपर्यंतचा काळ) लांबलेला दिसला तरी हुरळून जाऊ नका. ठोके मंदावले की क्यूटी आपोआप लांबतो. क्यूटीतून गतीचा परिणाम वजा करणारं बॅझेटचं सूत्र माणसासाठी बेतलेलं. ते उंदराला लावून काही हाती लागत नाही. पेसिंगने, म्हणजे विजेचे ठरावीक झटके देऊन, गती स्थिर धरा, मग क्यूटी मोजा. मुळात त्यासाठी उंदीर निवडणं हीच चूक: माणसात क्यूटी लांबवणारी बहुतेक औषधं हर्ग (hERG) ही पेशीतून पोटॅशियम बाहेर सोडणारी वाहिनी अडवतात, आणि प्रौढ उंदराच्या हृदयात तिचा वाटा नगण्य. गिनीपिग किंवा ससा घ्या, आणि सोबत डोफेटिलाइड हे क्यूटी हमखास लांबवणारं औषध देऊन बघा. त्यानेही क्यूटी हलला नाही, तर दोष तुमच्या मांडणीत आहे. तो सापडेपर्यंत अर्काच्या बाटलीला हात लावू नका.