द्राक्षं धुताना या चुका टाळा

फेब्रुवारीत नाशिकची द्राक्षं आली की आमच्या घरी एक वाद ठरलेला. कुणीतरी घड उजेडात धरून पांढुरकी लव दाखवतं, "बघ, किती औषध मारलंय!" पहिली चूक हीच. ती लव म्हणजे द्राक्षाचं स्वतःचं मेण. बोटाने पुसा, मणी चकचकीत होतो. लव शाबूत असेल तर घड फार हाताळलेला नाही, एवढंच समजायचं. वाळलेल्या थेंबांसारखे निळसर डाग दिसले तर ते बोर्डो मिश्रणाचे, म्हणजे मोरचूद-चुन्याचे असू शकतात. कीटकनाशकाचा अंश मात्र बहुधा डोळ्यांना दिसतच नाही.

दुसरी चूक पातेल्यातली. अख्खा घड तासभर बुडवून ठेवला तरी आतले मणी नीट धुतले जात नाहीत. कात्रीने लहान झुपके करा आणि चाळणीत, वाहत्या पाण्याखाली हलक्या हाताने चोळा. मणी आधी तोडून धुवू नका. देठाच्या जागी भोक पडतं आणि घाण पाणी आत शिरतं.

भांड्यांचा साबण तर नकोच, तो पोटात जाण्यासाठी बनवलेला नाही. खायचा सोडा चालतो. 2017 साली अमेरिकेत सफरचंदांवर प्रयोग झाला. लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम सोडा (साधारण दोन सपाट चमचे) घालून 12 ते 15 मिनिटं ठेवल्यावर एक बुरशीनाशक आणि एक कीटकनाशक सालीवरून निघालं. पण दोन्हींचा थोडा अंश सालीच्या आत उतरला होता, तो राहिला. सफरचंदाची साल काढता येते, द्राक्षाची कोण काढणार?

आणि आंतरप्रवाही औषध तर झाडाच्या रसातूनच फिरतं. 2010 मध्ये आपली द्राक्षं युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे, शेतकऱ्यांच्या बोलीत 'सीसीसी'. वेलीची वाढ आवरणारं हे संजीवक. अशा अंशापुढे नळाचं पाणी काय करणार? तिथे इलाज बागेतच: मात्रा पाळायची आणि शेवटची फवारणी ते तोडणी यांत लेबलवर दिलेले दिवस जाऊ द्यायचे.

म्हणून द्राक्षंच बंद करायची? ही तर सगळ्यात महागात पडणारी चूक. फवारताना अंगावर उडालेलं औषध आणि घडावर उरलेला अंश यांत फार अंतर आहे. घाम फुटणं, बाहुल्या बारीक होणं ही विषबाधेची लक्षणं पहिल्या प्रकारात दिसतात. दुसऱ्यात काळजी असते ती वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात जाण्याची, आणि मुलांची जास्त, कारण वजनाच्या मानाने ती जास्त खातात. तेव्हा रोज एकच फळ, एकाच गाडीवरून, असं करू नका.

एक राहिलंच. घरी आणल्या आणल्या सगळी धुवून फ्रीजमध्ये ठेवू नका, ओली द्राक्षं लवकर बुरसतात. खायच्या वेळी, खायची तेवढीच धुवा.