चिंधी आणि सिरॅमिक ब्लँकेट मागवताना या चुका टाळा

एमआयडीसीच्या बाजारात मशीन पुसायचं बनियन वेस्ट (होजियरीच्या कात्रणांची चिंधी) आणि भट्टीला आतून लावायचं सिरॅमिक ब्लँकेट (उष्णता अडवणाऱ्या तंतूंची गादी) बऱ्याचदा एकाच काउंटरवर मिळतं. ऑर्डरही तशीच जाते: ‘कॉटन वेस्ट ५० किलो, इन्सुलेशन ४ रोल’. एवढ्यावर सप्लायर गोदामात असेल ते पाठवणार, आणि त्यात त्याचं काही चुकलं असंही म्हणता येत नाही.

सगळ्यात महागात पडतो तो १२६० हा आकडा. ब्लँकेटच्या खोक्यावरचं १२६० अंश हे वर्गीकरणाचं तापमान, म्हणजे मालाचा दर्जा सांगणारा आकडा, रोजच्या वापराची मर्यादा नव्हे. रोज चालणाऱ्या भट्टीत हा माल साधारण ११०० ते ११५० च्या आतच वापरावा. त्यावर गेलात की ब्लँकेट आकसतं, सांधे उघडतात. बाहेरच्या पत्र्याचा रंग सरळ पट्ट्यांत जळताना दिसला, तर आतले सांधे एकावर एक आले आहेत असं समजा. दोन थर द्या, सांधे आलटून-पालटून ठेवा आणि कडा थोड्या दाबून बसवा.

घनता (एका घनमीटरला किती किलो) ऑर्डरमध्ये लिहिलीच पाहिजे. ७.३ मीटर लांब, ६१० मिमी रुंद, २५ मिमी जाड रोल १२८ घनतेचा असेल तर सव्वाचौदा किलोच्या आसपास भरतो, ९६ चा पावणेअकरा. मालाच्या चलानावर १२८ आणि काट्यावर अकरा किलो? गाडी सोडू नका.

रॉकवूल, म्हणजे गरम पाइपांवर गुंडाळायची दगडी लोकर, नवीन लावल्यावर पहिल्या तापात धूर येतो, वास येतो. त्यातला बाइंडर, म्हणजे तंतू धरून ठेवणारा चिकट पदार्थ, जळतो, एवढंच. खिडक्या उघडा, माल परत पाठवू नका. मात्र जुन्या लाइनवर धूर दिसला तर गोष्ट वेगळी. डाइंगवाल्यांकडे (कापड रंगवणाऱ्यांकडे) थर्मिक फ्लुइडच्या, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या गरम तेलाच्या, पाइपांच्या फ्लँजमधून (बोल्टच्या जोडातून) तेल झिरपतं, लोकरीत पसरतं आणि एरवी पेट घेणार नाही अशा तापमानालाही आतल्या आत पेटतं. पत्रा वरून चकचकीत असतो, म्हणून कुणी हातही लावत नाही. फ्लँजवर लोकर-पत्रा चढवू नका, ते दिसतील असे ठेवा. भिजलेली लोकर वाळवून पुन्हा लावण्याची काटकसर तर अजिबात नको.

आता चिंधी. होजियरीची सुती कात्रणं तेल शोषतात, पॉलिस्टरची साडी-चिंधी ते फक्त पसरवते. गरम डायवर (साच्यावर) तर पॉलिस्टर २५०-२६० अंशांना वितळून चिकटतं आणि मग ऑपरेटर खरवडत बसतो. पोत्याच्या वरून नाही, मधून चार धागे काढा आणि पेटवा. सुती धाग्याची कागदासारखी राख होते, पॉलिस्टरचा काळा टणक मणी. जुन्या कपड्यांच्या मालात बटणं आणि चेन राहतात. पॉलिश केलेल्या भागावर एक ओरखडा पुरतो. अळशीच्या तेलाने किंवा तसल्या रंगाने माखलेला बोळा ढिगात टाकला तर आपोआप तापून पेटू शकतो, त्यासाठी झाकणाचा लोखंडी डबाच हवा.

राहिली दोरी. बॉयलरच्या दाराची फट बंद करायला ‘ॲस्बेस्टॉस दोरी द्या’ म्हणायची जुनी सवय आहे, आणि मागितली की मिळतेही. पण ॲस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसांना होणारा ॲस्बेस्टॉसिस हा कायद्याने नोंद करावीच लागते असा आजार आहे. ऑर्डरवर ‘ग्लास फायबर किंवा सिरॅमिक फायबर दोरी, ॲस्बेस्टॉसमुक्त’ असं लिहा, आणि जुनी दोरी काढताना आधी पाण्याने भिजवा. कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका.